शेतातील निवड आणि गणकयंत्र



ज्वारी कापणीला आली की शेतभर हिंडून टपोरी, दाणे गच्च भरलेली कणसे हेरायची, ती वेगळी काढायची आणि पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवायची, ही चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्या जाणत्या शेतकऱ्याच्या हाती ही निवड असे, त्याला ताटाच्या पोटात काय चालते ते ठाऊक नव्हते. एका कणसात दाणा जड का आणि शेजारच्यात पोचट का, असे विचारले असते तर तो नुसता हसला असता. पण ‘हे ठेवा, ते नको’ एवढे मात्र तो अचूक सांगे. आणि एवढ्याच बोलाच्या जोरावर वाण हळूहळू सुधारत जाई. सोलापूरकडच्या रबी ज्वारीचा ‘मालदांडी ३५-१’ हा नामांकित वाण स्थानिक मालदांडीतूनच निवड करून काढलेला आहे.

कारण न कळताही निवडीने सुधारणा होते, ही गोष्ट म्हटली तर साधी आहे, म्हटली तर मोठी आहे. विसाव्या शतकात काही माणसांनी हीच युक्ती शेतातून उचलली आणि प्रयोगशाळेत नेली. बी ज्वारीचे नव्हते. ते होते पत्र्याच्या आकाराचे, नळीच्या वळणाचे, आकाशवाहकाच्या तारेचे. त्या युक्तीला आज ‘जनुकीय अल्गोरिदम’ किंवा ‘उत्क्रांतीची रीत’ म्हणतात. नाव जड आहे, पण त्याने बिचकू नका. अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने करावयाच्या कृतीची यादी. भागाकाराची रीत हाही एक अल्गोरिदमच की! या लेखात त्या युक्तीची हकीकत सांगायची आहे.

सुरुवात डार्विनपासून करावी लागते. १८५९ साली त्याचा जीवजातींच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ निघाला. त्यातले पहिले प्रकरण जंगलातल्या श्वापदांवर नाही, तर पाळीव जनावरे आणि लागवडीची पिके यांवर आहे. डार्विन स्वतः कबुतरे पाळी आणि लंडनमधल्या कबुतरबाजांच्या मंडळींत जाऊन बसे. त्याने तीन गोष्टी पाहिल्या. एक, सगळी पिल्ले सारखी नसतात. थोडाफार फरक असतोच. दोन, आईबापांचे गुण पिल्लांत उतरतात. तीन, पाळणारा माणूस काही पिल्ले ठेवतो, काही वगळतो. फरक, वारसा आणि निवड. माणसाच्या जागी निसर्ग बसवा. थंडी, दुष्काळ, रोगराई यांना निवड करू द्या. आणि लाखो वर्षांचा अवधी द्या. डार्विनच्या विचारातले हे मर्म होय.

गणकयंत्रे आली तेव्हा काही जणांच्या मनात साहजिकच आले की, या तीन गोष्टी जिवंत प्राण्यातच असल्या पाहिजेत असे थोडेच आहे? १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्राच्या बुद्धीसंबंधी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. यंत्राला लहान मुलासारखे घडवावे, त्याच्या रचनेत बदल करून पाहावेत आणि त्यांतून चांगले ते निवडावे, असे सांगताना त्याने उत्क्रांतीचीच उपमा दिली. १९५३ साली निल्स ऑल बारिचेल्ली हा नॉर्वेजियन-इटालियन गणितज्ञ अमेरिकेत प्रिन्स्टनला आला. तिथे फॉन नॉयमन यांच्या देखरेखीखाली बांधलेले एक गणकयंत्र होते. त्या यंत्राची आठवण केवळ १,०२४ शब्दांची. तेवढ्या जागेत बारिचेल्लीने आकड्यांचे ‘जीव’ सोडले, त्यांना वाढू दिले, एकमेकांशी झगडू दिले आणि काय होते ते पाहत बसला. त्याला काही उपयोगाची वस्तू बनवायची नव्हती. जीवसृष्टीचे कोडे उलगडायचे होते. पण आकड्यांच्या ठायीही वारसा आणि निवड चालू शकते, हे त्यातून दिसून आले.

आता आपण बर्लिनला जाऊ. साल १९६४. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल हे दोन विद्यार्थी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करीत होते. वाऱ्याचा बोगदा म्हणजे ज्यात यंत्राने जोराचा वारा सोडतात आणि ठेवलेल्या वस्तूला तो किती अडतो हे मोजतात अशी नळी. वाऱ्याला कमीत कमी अडवणारा आकार आपोआप शोधून काढायचा, अशी त्यांची उमेद. नेहमीची रीत त्यांनी करून पाहिली होती. ती रीत अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फायदा झाला तर पुढे जायचे, मग दुसरी गोष्ट. पण ही रीत मध्येच अडकून पडे. आपल्याकडे घाटात वाट चुकलेला माणूस ‘जिथे उतार तिथे पाय’ असे म्हणत चालू लागला, तर तो एखाद्या खळग्यात जाऊन बसतो. खालचे गाव त्याला लागतच नाही. तसे होई.

तेव्हा त्यांनी एक पट्टी केली. सहा तुकडे, त्यांना जोडणारे पाच सांधे. प्रत्येक सांधा ५१ ठिकाणी वळवता येई. आता हिशेब करा. ५१ ला ५१ ने गुणा, असे पाच सांध्यांचे मिळून पट्टीचे ३४ कोटी ५० लाख २५ हजार २५१ आकार होतात. एकेक आकार तपासायला एक मिनिट धरले आणि रात्रंदिवस काम चालवले, तरी सगळे तपासायला सुमारे ६५६ वर्षे लागतील. नातवाच्या नातवालाही उत्तर दिसायचे नाही.

रेखेनबर्गने काय केले? पट्टी आधी वेडीवाकडी, नागमोडी मोडून ठेवली. वाऱ्याचा अडथळा मोजला. मग सगळ्याच सांध्यांत थोडाथोडा बदल केला; कोणत्या सांध्यात किती, हे स्वतःच्या अकलेने नव्हे, तर दैवावर सोडून. त्यासाठी गाल्टनची पाटी वापरली. या पाटीवर खिळ्यांच्या रांगा असतात. वरून गोळी सोडली की ती खिळ्यांवर आपटत, इकडेतिकडे होत खाली कुठल्या तरी खणात पडते. मधल्या खणांत पुष्कळ पडतात, कडेच्या खणांत क्वचित. म्हणजे बदल बहुधा लहान, कधीमधी मोठा. पोरे आईबापांसारखीच, पण थोडी वेगळी, तसे. नवा आकार वाऱ्यात धरला. अडथळा कमी झाला तर नवा ठेवायचा, जुना टाकायचा. वाढला तर जुन्यावर परत. बस्स, एवढेच! आई एक, लेकरू एक, आणि दोघांत जो सरस तो पुढे.

हे ऐकून कोणीही म्हणेल की हा तर अंधारात दगड मारण्याचा प्रकार आहे. विद्यापीठातल्या जाणत्या मंडळींना शंका वाटली तर त्यांना दोष कसा द्यावा? शास्त्रज्ञाने विचार करावा, गणित मांडावे. गोळ्या खेळून संशोधन कसे व्हायचे? पण काही शे बदलांतच ती पट्टी सपाट झाली. वाऱ्याला कमीत कमी अडवणारा आकार सपाट, हे उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होते. मुद्दाम ठाऊक असलेले उत्तरच त्यांनी पहिल्या परीक्षेला घेतले होते. रीत खरी की खोटी हे ठरवायचे, तर असेच करावे लागते. ६५६ वर्षांचे काम काही दिवसांच्या आवाक्यात आले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण गैरसमज इथेच होतो. हे यश दैवाचे नव्हे. दैवाने फक्त नवेनवे नमुने पुढे केले. राखले ते कसोटीने. आणि मिळालेला प्रत्येक फायदा पदरात बांधून पुढचे पाऊल टाकले गेले. सोंगट्यांच्या खेळात सगळे फासे एकदम मनासारखे पडावेत असे म्हटले, तर जन्म जाईल. पण चांगला पडलेला फासा तसाच ठेवून बाकीचे तेवढे पुन्हा टाकण्याची मुभा असेल, तर थोड्या वेळात खेळ संपतो. निवडीचे सगळे बळ या साठवणीत आहे.

पुढची परीक्षा अवघड होती, कारण तिचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्वेफेल एका वीजकंपनीच्या संशोधनशाळेत एका खास तोटीवर काम करीत होता. या तोटीतून द्रव आणि वाफ यांचे मिश्रण वेगाने बाहेर पडते. आत नेमके काय घडते याचे गणित कोणाला मांडता येत नव्हते. मग त्याने तोटीच चकत्यांची केली. आतून निरनिराळ्या मापांची भोके असलेल्या पुष्कळ चकत्या तयार करून ठेवल्या आणि त्या एकापुढे एक रचल्या की तोटी तयार. कधी एक चकती बदलायची, कधी एखादी जादा घालायची, कधी काढून टाकायची. प्रत्येक वेळी चालवून मोजायचे. सुरुवातीच्या तोटीची कार्यक्षमता सुमारे ५५ टक्के होती. शेवटची जवळजवळ ८० टक्क्यांवर गेली. आणि तिचा आकार? कुठे फुगवटा, कुठे आवळलेली मान, पुन्हा फुगवटा. कोणत्याही इंजिनियराने अशी तोटी कागदावर काढली असती, तर वरिष्ठांनी तो कागद फाडून टाकला असता. पण मोजमापापुढे मताचे काही चालत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड हा प्राध्यापक दुसऱ्या वाटेने याच ठिकाणी येत होता. बर्लिनवाल्यांची त्याला आणि त्याची बर्लिनवाल्यांना पुष्कळ वर्षे दाद नव्हती. हॉलंडच्या हाती एकदा ग्रंथालयात रोनाल्ड फिशर यांचे १९३० सालचे पुस्तक लागले. हे फिशर म्हणजे इंग्लंडात रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात बसून पिकांच्या प्रयोगांचे गणित मांडणारे थोर संख्याशास्त्रज्ञ. पुस्तक होते निवडीच्या गणितावर. म्हणजे पाहा, शेताचा बांध या कथेत पुन्हा आडवा आलाच!

हॉलंडने निवडीला संकराची जोड दिली. एकच आई-लेकरू न घेता त्याने मोठा कळपच घेतला. समजा, आपल्या त्या पाच सांध्यांच्या पट्टीचा आकार पाच आकड्यांत लिहिला. एका पट्टीचे आकडे २, ३, ९, ४०, १७ आणि दुसरीचे ३०, ८, १, ४, ५. दोन्ही बऱ्यापैकी आहेत. पहिलीचे पहिले दोन आकडे आणि दुसरीचे शेवटचे तीन घेतले, तर २, ३, १, ४, ५ असे नवे लेकरू होते. आईचा चांगला गुण आणि बापाचा चांगला गुण एकत्र आला तर लेकरू दोघांहून सरस निघते. नाही आला तर निवडीत गळून जाते. दुधाळ गाय आणि काटक वळू यांचा मेळ घालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. १९७५ साली हॉलंडचा ग्रंथ निघाला आणि या विषयाला शास्त्राचे बैठे रूप आले.

तरीही लगेच गवगवा झाला नाही. कळप शंभराचा आणि पिढ्या दोनशे म्हटल्या तरी वीस हजार नमुने तपासायचे. त्या काळच्या गणकयंत्रांना ते जड जाई. हॉलंडचा एक शिष्य डेव्हिड गोल्डबर्ग मूळचा स्थापत्य इंजिनियर. त्याने १९८३ च्या आपल्या प्रबंधात लांबलचक नळांतून इंधनवायू नेताना कोणता पंप किती चालवावा, म्हणजे शक्ती कमी खर्चेल, हा प्रश्न या रीतीने सोडवला. १९८५ साली या विषयाची पहिली परिषद पिट्सबर्ग येथे भरली. १९९० साली जर्मनीतल्या डॉर्टमुंडला भरलेल्या परिषदेत बर्लिनची आणि मिशिगनची परंपरा समोरासमोर आल्या. यंत्रे स्वस्त आणि वेगवान होत गेली, तशी ही रीत कारखान्यांत, रुग्णालयांत, आगगाड्यांच्या वेळापत्रकांत शिरत गेली.

सर्वांत नजरेत भरणारे उदाहरण आकाशातले. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने २२ मार्च २००६ रोजी तीन छोटे उपग्रह सोडले. त्यांच्यावरचा आकाशवाहक, म्हणजे संदेश धाडणारी तार, माणसाने आखलेली नव्हती. गणकयंत्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढवून निवडलेली होती. दिसायला कशी? लहान मुलाने कागदाची टाचणी हाती घेऊन वाटेल तशी वाकवावी, तशी. मधे उपग्रहांची कक्षा बदलायचे ठरले आणि आधीची तार निरुपयोगी ठरली. माणसाने आखायची तर सगळे पुन्हा पहिल्यापासून आले असते. इथे कसोटी तेवढी बदलली, यंत्राला पुन्हा कामाला लावले आणि थोड्याच आठवड्यांत नवी तार हाती आली. ती प्रयोगशाळेत तपासली आणि मगच आकाशात पाठवली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकतर्फी कौतुक हे शिक्षण नव्हे. १९९६ साली इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन या संशोधकाने विजेच्या एका चकतीवरच्या शंभर खणांत निवडीने जोडणी वाढवली. एक जाड सूर आणि एक बारीक सूर ओळखून वेगळे करायचे, एवढेच तिला काम. हजारो पिढ्यांनंतर ती ते बिनचूक करू लागली. पण ती ते कसे करते, हे सांगता येईना. काही खण मुख्य वाटेला जोडलेलेही नव्हते. तरी ते बंद केले की काम बिघडे. आणि तीच जोडणी त्याच चकतीवर दुसऱ्या जागी नेली, तर नीट चालेना. त्या एका जागेच्या बारीकसारीक खोडींचा फायदा घेऊन ती वाढली होती. काळ्या रानात निवडलेले बी मुरमाड माळावर तसेच येईल असे नाही, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. परीक्षा एकाच जागी घेतली, तर उत्तर त्या जागेपुरतेच खरे असते.

म्हणून खरा प्रश्न यंत्राचा नाही. खरा प्रश्न कसोटीचा आहे. तुम्ही जे मागाल तेच ही रीत देते. तुमच्या मनात काय होते ते तिला कळत नाही. नुसते ‘जास्त उत्पन्न’ मागितले, तर चव, कडबा आणि पाण्याचा ताण सोसण्याची ताकद या तिन्हींवर पाणी पडेल, कारण त्या तुम्ही मागितल्याच नव्हत्या.

इथेच आपल्या देशाचा एक मोठा वाटा आहे. आयुष्यातले बहुतेक प्रश्न दुहेरी असतात. गाडी स्वस्त हवी आणि मजबूतही हवी. एक वाढवावे तर दुसरे घटते. गोल्डबर्ग यांच्याकडे शिकलेले प्राध्यापक कल्याणमय देब कानपूरच्या आयआयटीत होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा दुहेरी-तिहेरी प्रश्नांसाठी रीत बसवली. १९९४ साली तिचे पहिले रूप निघाले आणि २००२ साली सुधारलेले. ही रीत एकच उत्तर पुढे करीत नाही. उत्तरांची एक रांग मांडते. रांगेतले कोणतेही उत्तर दुसऱ्याहून सर्व बाबतींत वाईट नसते; एकात काही मिळते, दुसऱ्यात काही सोडावे लागते. निवड अखेर माणसाने करायची. कानपूरच्या त्या कामाचा आधार जगभरचे संशोधक घेतात, आणि २००५ साली देब यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

आपल्या गोदावरी खोऱ्यातही ही विद्या येऊन पोचली आहे. जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर या जलाशयांतले पाणी कोणत्या महिन्यात किती सोडावे, शेतीला किती आणि विजेला किती, याचे अभ्यास संशोधकांनी जनुकीय अल्गोरिदमने केले आहेत. बारा महिने, अनेक धरणे, कमी-जास्त पाऊस. पट्टीच्या पाच सांध्यांहून हे कोडे कितीतरी मोठे. यंत्र त्याची पुष्कळ उत्तरे तपासून चांगली चांगली समोर मांडू शकते. परंतु शेवटच्या चारीवरच्या शेताला पाणी पोचणे याला किती मोल द्यायचे, पिण्याच्या पाण्याला किती, विजेला किती, हे यंत्र ठरवीत नाही. ते आपण ठरवून यंत्राला सांगायचे असते. सांगायचे राहिले, तर ते मोल शून्य धरले जाते. आणि शून्य कोणाच्या वाट्याला येते ते आपण जाणतोच. म्हणून अशी गणिते मांडली जातील, तेव्हा ‘उत्तर काय आले?’ याच्या आधी ‘कसोटी कोणी आणि कोणती ठरवली?’ हे विचारण्याचा अधिकार गावाने सोडू नये.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. यासाठी गणकयंत्र लागत नाही. वर्गात कागदी विमान करून घ्या. पंखाची रुंदी, नाकाची घडी, शेपटीचा कोन आणि घड्यांची संख्या अशा चार गोष्टी आकड्यांत लिहा. विमान तीन वेळा उडवून सरासरी अंतर मोजा. मग फासा टाकून कोणती गोष्ट बदलायची ते ठरवा आणि नाणे उडवून ती वाढवायची की घटवायची ते ठरवा. नवे विमान लांब गेले तर ते ठेवा, नाही तर जुनेच. चाळीस पिढ्यांची वही ठेवा. मुले जे विमान शेवटी उडवतील, ते पहिल्यापेक्षा लांब जाईल, आणि ते का लांब जाते हे बहुधा वर्गात कोणालाच चटकन सांगता येणार नाही. तेच विमान मग व्हरांड्यातून बाहेर मोकळ्या वाऱ्यात नेऊन उडवा. तिथे ते कसे वागते ते मुलांनाच पाहू द्या, आणि असे का झाले ते त्यांनाच विचारा.